काम तात्पुरते असेल, हक्क तात्पुरता नाही

जळगाव असो की धुळे, एस.टी. स्टँडच्या भिंतीवर आणि विजेच्या खांबांवर एक कागद हमखास चिकटवलेला दिसतो. शिक्षणाची अट नाही, अनुभवाची गरज नाही, अर्धवेळ काम करा आणि कमवा! आता हाच मजकूर मोबाईलवर येतो. आमची शिकलेली, अर्धवट शिकलेली आणि शाळा सुटलेली पोरे तो वाचतात, फोन लावतात. पलीकडून आधी ‘नोंदणी फी’ मागितली जाते. पैसे भरले की फोन बंद! जो काम देण्याआधी पैसे मागतो त्याच्याकडे काम नसते, एवढी एक गोष्ट जरी आमच्या वस्त्यांनी लक्षात ठेवली तरी अनेक घरांचे पैसे वाचतील.

परंतु फसवणुकीचा हा धंदा चालतो तरी कशावर? तो चालतो गरजेवर. कॉलेज सांभाळून चार तास काम हवे असलेला विद्यार्थी, मुलांना शाळेत पाठवून दुपारपुरते काम शोधणारी बाई, पेरणी आणि कापणी यांच्या मधल्या महिन्यांत रिकामा बसलेला शेतमजूर, कारखान्यातून ‘ब्रेक’ मिळालेला कामगार या सर्वांना तात्पुरते, थोडक्या वेळाचे आणि विशेष कौशल्य न लागणारे काम हवे असते. असे काम मागण्यात कमीपणा मुळीच नाही. मात्र ते कुणामार्फत मिळते आणि कोणत्या अटीवर मिळते, याचा विचार आंबेडकरी चळवळीने केलाच पाहिजे असे आम्हाला वाटते.

खानदेशात असे काम नाही, असे कुणी म्हणू नये. रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात केळीची कापणी आणि गाड्यांची भरणी आहे. दिवाळीच्या मागेपुढे कापसाची वेचणी आहे, त्यानंतर जिनिंगचा हंगाम आहे. जळगावात डाळ मिल आहेत, चटईचे आणि पाईपचे कारखाने आहेत. धुळ्यात यंत्रमाग आहेत. लग्नसराईत मंडप आणि वाढप्याचे काम आहे. बाजार समितीत हमाली आहे. इथे पुरले नाही तर ताप्ती लाईनची गाडी पकडून सुरत आहे, आणि कोयता घेऊन दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांचा फड आहे. काम आहे, पण त्या कामाकडे जाणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर कुणीतरी उभा आहे. कुठे मुकादम, कुठे ठेकेदार, कुठे मिलच्या गेटवरचा माणूस, कुठे गावचा पाटील. ‘काम शे का?’ असे अहिराणीत विचारणाऱ्या माणसाला तो आधी निरखतो. कोणत्या गावचा, कोणत्या वस्तीतला, कुणाच्या ओळखीचा? हातात काय कौशल्य आहे हे विचारण्याची गरज त्याला भासत नाही. वस्तीचे नाव कळले की त्याचे काम भागते.

बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात जातिव्यवस्थेचे जे विश्लेषण केले ते इथे तंतोतंत लागू पडते. जात ही केवळ कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, असा तो विचार. पुढे १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. भुसावळपासून मुंबईपर्यंतचा रेल्वेमार्ग ज्यांनी आपल्या घामाने सांभाळला, त्या गँगमन आणि खलाशी बांधवांपुढे बाबासाहेब बोलले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांनी तिथेच सांगितले. पण त्या भाषणातील एक साधी गोष्ट आम्ही विसरतो. अस्पृश्याला रेल्वेत गँगमन म्हणून घेत, मात्र पोर्टर म्हणून घेत नसत. का? तर पोर्टरकडून स्टेशन मास्तरच्या घरचेही काम करून घेतले जाई, आणि स्टेशन मास्तर बहुधा सवर्ण असे! पोर्टरच्या कामाला कोणते मोठे कौशल्य लागते? तरीही तो दरवाजा बंद. मुंबईच्या गिरण्यांतही तेच. धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्याला शिरकाव नव्हता. आधी माणसाला कौशल्यापासून दूर ठेवायचे, आणि मग त्याच माणसाला ‘अकुशल’ म्हणून कमी मजुरी द्यायची!

तेव्हा ‘अकुशल’ हा शब्द आमच्या लोकांनी जपून वापरावा. केळीचा घड डाग न पडता उतरवून गाडीत रचणे, दिवसभर वाकून कापूस वेचणे, शंभर किलोचे पोते पाठीवर तोलून थप्पीला लावणे याला कौशल्य लागत नाही असे म्हणणाऱ्याने एक दिवस ते करून पाहावे. सरकारी दरपत्रकात अकुशल, अर्धकुशल आणि कुशल अशा तीन पायऱ्या आहेत. सर्वात खालची पायरी कुणाच्या वाट्याला येते, हे खानदेशात कुणाला सांगण्याची गरज नाही. तिथे बौद्ध आहेत, मातंग आहेत, भिल्ल आणि पावरा आहेत, भटके-विमुक्त आहेत, गरीब मुस्लिम आहेत.

मुकादमाच्या दारात न जाता काम मिळण्याचा सरकारी रस्ता या देशात कधी तयारच झाला नाही का? झाला होता. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४५ मध्ये, सेवायोजन कार्यालयांची देशव्यापी व्यवस्था उभी राहिली. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. नाव नोंदवा, क्रमांक घ्या, क्रमाने काम मिळवा, ही त्या कार्यालयांची कल्पना. ओळख नको, वशिला नको. पण पुढे काय झाले? रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवण्याची सक्ती करणारा कायदा १९५९ साली आला. त्यातून काय वगळले होते ते पहा. खाजगी शेतीतली मजुरी वगळली, घरकाम वगळले, तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीचे काम वगळले, कार्यालयातील अकुशल कामही वगळले! म्हणजे ज्याला वशिला नाही त्याला जे काम मिळू शकते, नेमके तेच कायद्याच्या बाहेर ठेवले. कार्डाचे नूतनीकरण करता करता आमच्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि सेवायोजन कार्यालयाचे ‘करिअर केंद्र’ झाले. पाटी बदलली म्हणून काम मिळेल, असे समजण्याचे कारण नाही.

दुसरा रस्ता महाराष्ट्रानेच देशाला दाखवला. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे राज्यभर निघाली. वि. स. पागे यांची ती कल्पना. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिच्यासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. पुढे देशाचा कायदा आला आणि २ फेब्रुवारी २००६ रोजी पहिल्या टप्प्यातील २०० जिल्ह्यांत तो सुरू झाला. त्यांत धुळे जिल्हा होता. १ एप्रिल २००८ पासून तो सर्व ग्रामीण जिल्ह्यांना लागू झाला. मनरेगाच्या या कायद्याने सांगितले की मागितल्यापासून १५ दिवसांत काम द्या, नाही तर बेकारी भत्ता द्या. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी दिवसाचा दर ३१२ रुपये ठरला होता.

या योजनेला मोठे शेतकरी नावे का ठेवत होते, हे आम्ही ओळखले पाहिजे. ‘मजूर मिळत नाहीत, रोजगार हमीने मजूर आळशी झाला’ अशी ओरड खानदेशच्या प्रत्येक पारावर ऐकू येते. त्याचा खरा अर्थ वेगळाच आहे. मजुराजवळ दुसरे काम असले की तो पहिल्या मालकाला भाव विचारतो. दुसरे काम नसले की मालक सांगेल तो भाव घेतो. रोजगार हमीची खडी फोडून कुणी श्रीमंत झाला नाही. पण तिच्यामुळे बांधावरच्या बाईला ‘या दरात येत नाही’ असे म्हणण्याची हिंमत मिळाली. ही हिंमत व्यवस्थेला खुपली.

म्हणूनच डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी जो ‘विकसित भारत – जी राम जी’ कायदा मंजूर केला, त्याकडे आम्ही डोळे उघडे ठेवून पाहतो. १०० ऐवजी १२५ दिवस दिले, हा आकडा मोठ्या अक्षरांत छापला गेला. लहान अक्षरांत काय आहे? पेरणी आणि कापणीच्या दिवसांत वर्षाकाठी ६० दिवसांपर्यंत ही कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रासारख्या राज्याने खर्चाचा ४० टक्के वाटा उचलायचा आहे. कापूस फुटला, मालकाला मजूर हवा झाला, की सरकारी काम बंद! ज्या दिवसांत मजुराच्या हाताला भाव येतो, नेमक्या त्याच दिवसांत त्याचा दुसरा रस्ता अडवायचा. १२५ दिवसांचे स्वागत करणाऱ्यांनी या ६० दिवसांचाही हिशेब द्यावा.

शिकलेल्या तरुणांची गोष्ट वेगळी आहे असे कुणाला वाटत असेल तर तोही भ्रम आहे. राज्य सरकारने ६ सप्टेंबर २०२३ रोजी नऊ खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला आणि राज्यभर विरोध झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला. २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला ६ हजार, आयटीआय-पदविकाधारकाला ८ हजार, पदवीधराला १० हजार रुपये आणि मुदत सहा महिने, जी पुढे वाढवावी लागली. काम कार्यालयातले, पण नाव प्रशिक्षणार्थी! ठेकेदाराच्या यादीला बिंदुनामावली नसते. कायम पदे जितकी तात्पुरती होतील तितके आरक्षण न बोलता संपेल. आरक्षणाविरुद्ध मोर्चा काढण्याची गरजच उरणार नाही.

मग आम्ही तात्पुरते काम करूच नये का? करावे. पोट थांबत नाही आणि शिक्षणाची फीही थांबत नाही. पण तात्पुरत्या मजुरालाही कायद्याने काही दिले आहे, ते माहीत करून घ्यावे. महाराष्ट्राच्या किमान वेतनाच्या अधिसूचनांत एक तरतूद असते, जी ठेकेदार कधीच सांगत नाही. तासावर काम करणाऱ्याला दिवसाच्या किमान मजुरीचा आठवा भाग आणि त्यावर १५ टक्के वाढ द्यायची असते. समजा एखाद्या कामाची दिवसाची किमान मजुरी ४८० रुपये आहे. तासाचे ६० रुपये झाले, त्यावर १५ टक्के म्हणजे ९ रुपये, एकूण ६९. चार तासांचे २७६ रुपये. ‘अर्धवेळ आहे, अर्धेच घे’ म्हणणारा जिथे २४० टेकवतो तिथे तो ३६ रुपये खिशात घालतो. आपल्या कामाचा चालू दर कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून लेखी घ्यावा आणि हा हिशेब मालकासमोर मांडावा.

या सर्वांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे कागद. तात्पुरता मजूर हरतो तो बहुधा कागद नसल्यामुळे. रोजगार हमीचे काम तोंडी मागितले की ते मागितलेच नाही असे ठरते आणि भत्ता बुडतो. म्हणून मागणी लेखी द्यावी आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीची पायरी उतरू नये. कायद्याचे नाव काहीही असो, पोच सोडू नये. बांधकाम कामगार म्हणून मंडळात नोंदणी करायची तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. वेगवेगळ्या ठेकेदारांकडे मिळून दीडशे दिवस राबलेला माणूस तो दाखला आणू शकत नाही, कारण कोणत्या दिवशी कुठे होतो हे त्याने लिहूनच ठेवलेले नसते.

आमच्या विहारांनी हे काम हाती घ्यावे. विहारात एक वही ठेवावी. वस्तीतला कोण, कोणत्या तारखेला, कुणाकडे, किती तास, कोणत्या दराने कामाला गेला आणि पैसे किती मिळाले, हे रोज रात्री लिहावे. कॉलेजात शिकणाऱ्या आमच्या मुला-मुलींना हे अवघड नाही. कोण मजुरी बुडवतो हे त्या वहीत आपोआप दिसेल. तक्रार करायची वेळ आली तर पुरावा तयार असेल. आणि ठेकेदाराला माणसे हवी असतील तर एकेकट्याला निवडण्याऐवजी त्याला वहीकडे यावे लागेल.

धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दरवर्षी ३१ जुलैला भीमस्मृती यात्रेत खानदेशभरातून आमचे लोक येतात. बाबासाहेबांच्या मुक्कामाने पावन झालेल्या त्या जागेवर भाषणे होतात, गाणी होतात, पुस्तकांची दुकाने लागतात. ते सर्व व्हावेच. यंदापासून तिथे एक टेबल आणखी लागावे. त्यावर काम मागणीचे अर्ज असावेत, किमान वेतनाचे चालू दरपत्रक असावे, ई-श्रम आणि बांधकाम मंडळाच्या नोंदणीची माहिती असावी, आणि चार लिहिते हात असावेत. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कामगाराला मुकादमाच्या दारातून उठवून सरकारी नोंदवहीत आणण्याचा रस्ता धरला होता. सरकारने तो अर्ध्यावर सोडला आहे. तो पुढे नेण्याची जबाबदारी आता आमच्यावर आहे.

जयभीम!