शितावरून गाळाची परीक्षा

भात शिजला की नाही हे एका शितावरून कळते. पातेल्यातला तांदूळ एक, पाणी एक, जाळही एकच असतो. आपल्या शहराच्या वाळूज किंवा चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात साचलेल्या गाळाचे तसे नसते. सोमवारी टाकीत पडलेला गाळ वेगळा, गुरुवारचा वेगळा. वर उन्हाने धरलेली खपली, तळाशी ओला लगदा. तरीही बऱ्याचदा वरवरची एक पिशवी प्रयोगशाळेत जाते आणि तिच्या आकड्यावर अख्खा ढीग घातक की साधा हे ठरते.

२०१६ च्या घातक कचरा नियमांत दोन चाळण्या आहेत. पहिल्या अनुसूचीत नावे आहेत: सांडपाणी प्रक्रियेतला रासायनिक गाळ ३५.३, रसायनांनी बरबटलेले रिकामे पिंप ३३.१. नाव असले की कचरा घातक. पण तो दुसऱ्या अनुसूचीतल्या मर्यादांखाली आहे, असे चाचणीने दाखवण्याची वाटही नियमांनीच ठेवली आहे. त्या वाटेवरची मुख्य चाचणी टीसीएलपी. गाळाच्या वीसपट वजनाचे सौम्य अॅसिटिक आम्लाचे द्रावण घेऊन दोन्ही सुमारे १८ तास एकत्र फिरवायचे आणि द्रावणात काय उतरले ते मोजायचे. लिटरला शिसे ५ मिलिग्रॅम किंवा कॅडमियम १ मिलिग्रॅम, की कचरा घातक ठरला.

आम्लच का? ओला कचरा कुजताना अशीच आम्ले सुटतात. हा गाळ शहराच्या उकिरड्यात मिसळला तर काय होईल, त्याची ही रंगीत तालीम आहे. ज्या शहराच्या कचऱ्याच्या गाड्या २०१८ च्या फेब्रुवारीत उकिरड्याला कंटाळलेल्या नारेगाव-मांडकीच्या लोकांनी अडवल्या, त्या शहराला उकिरड्यातून झिरपणारे पाणी म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. शहरातून वाहणारी खाम नदी शेवटी नाथसागर जलाशयाला मिळते, आणि आपण पितो ते नाथसागराचेच.

घातक ठरलेला गाळ निदान पुन्हा तपासला जातो. रांजणगाव, तळोजा, महापे, बुटीबोरी इथल्या घातक कचरा विल्हेवाटीच्या सुविधांपैकी एकही मराठवाड्यात नाही. गाडीला लांबचा पल्ला आणि मालकाला मोठा खर्च पडतो. पण तिथे आधी सविस्तर पृथक्करण होते, मग प्रत्येक गाडीची ओळखचाचणी. साधा ठरलेल्या गाळाला असे दुसरे फाटक लागतच नाही. एका पिशवीचा अहवाल हाच त्याचा पहिला आणि शेवटचा पहारा. चूक या बाजूला झाली तर ती कुणाच्या नजरेस पडायची?

यात दोष यंत्रांना देऊ नये. शहरात प्रदूषण नियंत्रण मंडळाची प्रादेशिक प्रयोगशाळा आहे, मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळांतही चांगली उपकरणे असतात. मात्र कारखान्याने स्वतः भरून पाठवलेल्या पिशवीबद्दल प्रयोगशाळा एवढेच म्हणू शकते की आलेल्या नमुन्यात अमुक सापडले. ढीग तिने पाहिलेलाच नसतो. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यातले कलम ११ वाचावे: कारवाईसाठी नमुना घ्यायचा तर कारखानदाराला नोटीस, त्याच्यासमोर नमुना, डब्याला सील, त्यावर दोघांच्या सह्या. दोषी ठरवताना जी काटेकोर दक्षता आपण घेतो, ती निर्दोष ठरवताना का सोडून द्यायची?

पहिल्या अनुसूचीतून सुटका मागणाऱ्या प्रत्येक गाळाचा नमुना मंडळाच्या माणसासमोर, ढिगाच्या वरून, मधून आणि तळातून, वेगवेगळ्या दिवशी घेतला जावा. आणि तो कुठून, कधी, कुणी घेतला हे अहवालाच्या पहिल्याच पानावर, आकड्यांच्या आधी छापलेले असावे.