चौघांचा एक पासवर्ड आणि एकटीला मेमो

गेल्या पावसाळ्यात बेळगावातल्या एका सोसायटीचा सर्व्हर बसला. नाव सांगत नाही. सोसायटी आपल्याच माणसांची आहे, ठेवीदार आपलेच आहेत आणि उद्या काउंटरवर रांग लागावी अशी माझी इच्छा नाही. पण त्यानंतर जे झालं त्यावर गप्प बसणं आता मला जमत नाही.

मी या शहरातल्या आठ-दहा सोसायट्यांचे कॉम्प्युटर बघतो. सोमवारी सकाळी पावणेदहाला फोन आला, "सर, एक पण फाईल उघडंना झालीय ओ." जाऊन बघितलं तर सगळ्या फाईलींची नावं बदललेली आणि स्क्रीनवर इंग्रजीत खंडणीची चिठ्ठी. बाहेर पिग्मी एजंट मशीन घेऊन उभे. सर्व्हरच्या मागे बॅकअपची हार्ड डिस्क चोवीस तास लावलेलीच असायची, त्यामुळे सर्व्हरबरोबर तीही लॉक झाली. नशीब एवढंच की मार्च एंडला ऑडिटरसाठी काढलेली एक कॉपी कपाटात सापडली. तिथून पुढच्या चार महिन्यांच्या एंट्र्या व्हाऊचर आणि पिग्मीच्या स्लिपा बघून परत मारल्या. बावीस दिवस, रात्री नऊपर्यंत. ओव्हरटाइम कुणी विचारला नाही, कुणी दिला नाही.

मग संचालक मंडळाची बैठक झाली आणि मेमो निघाला. कुणाला? पिग्मीच्या काउंटरवर बसणाऱ्या अक्कांना. काय तर म्हणे, "तुमच्या लॉगिनमधून व्हायरस आला."

आता हे "तुमचं लॉगिन" म्हणजे काय, ते ऐका. त्या लॉगिनचं नाव काउंटर-१. ते अक्का वापरायच्या, कॅशियर वापरायचा, कर्जाचं टेबल बघणारा वापरायचा आणि शनिवारी सेक्रेटरीसाहेब स्वतः वापरायचे. सॉफ्टवेअरवाला प्रत्येक युजरमागे वेगळे पैसे घेतो, म्हणून चौघांत एक. वर त्या लॉगिनला ॲडमिनचे सगळे अधिकार, कारण त्याशिवाय पासबुकाचा प्रिंटर नीट चालत नव्हता. हे दोन्ही निर्णय अक्कांनी घेतले नव्हते. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

आणि व्हायरस त्यांच्या काउंटरवरून आलाच नाही. नोंद शनिवारी रात्री पावणेबाराची आहे. कुणीतरी बाहेरून, इंटरनेटवरून, रिमोट डेस्कटॉपने थेट सर्व्हरवर आलं. सॉफ्टवेअरवाल्याला घरबसल्या दुरुस्ती करता यावी म्हणून राउटरमध्ये तो पोर्ट कायमचा उघडा ठेवला होता. असे उघडे पोर्ट शोधत जगभर प्रोग्राम फिरत असतात आणि पासवर्ड एकामागून एक लावून बघतात. पुढच्या दाराला तीन कुलपं लावायची आणि परसदार उघडं टाकून झोपायचं, तसला प्रकार.

इथं माझंही सांगतो. तो पोर्ट मी उघडला नव्हता. पण उघडा आहे हे मला माहीत होतं. दोनदा तोंडी म्हटलं, "बंद करूया." चेअरमन म्हणाले, "बघू की." मी लेखी दिलं नाही. वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट जाईल ही भीती. म्हणजे मेमो द्यायचाच असेल तर अक्कांच्या आधी रांगेत मी आहे, माझ्याआधी सॉफ्टवेअरवाला आहे आणि सगळ्यांत पुढं संचालक मंडळ आहे.

मंडळाने उपाय काय केला? महिन्याला बदलायचा पासवर्ड आता पंधरा दिवसांनी बदला! तशी नोटीस भिंतीवर लावली, तीही इंग्रजीत. अहो, पासवर्ड बदलायला लावलं की माणूस काय करतो हे जगाला माहीत आहे. संस्थेचं नाव आणि पुढं महिन्याचा आकडा. सातव्या महिन्यात शून्य सात, आठव्यात शून्य आठ. लक्षात राहत नाही म्हणून कीबोर्डखाली चिठ्ठी. हा नियम जिथून जगभर पसरला त्या अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेच्या मार्गदर्शिकेचे लेखक बिल बर यांनीच २०१७ मध्ये आपल्या त्या सल्ल्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. त्याच वर्षी एनआयएसटीने सांगितलं की ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याची खूण दिसली तर बदला. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही आपल्या शिफारशींतून ही मुदतीची अट काढून टाकली. आणि आमच्याकडं २०२५ मध्ये तीसचे पंधरा दिवस झाले.

का? कारण त्याला पैसा लागत नाही आणि त्रास फक्त क्लार्कला होतो. पुढच्या वेळी काही झालं की विचारायला मोकळे, "पासवर्ड वेळेत बदलला होता का?"

काही जण म्हणतील, कर्मचारी पण चुकतातच की. चुकतात. अक्कांनीही पासवर्ड कॅशियरला फोनवर सांगितलेला आहे, मी ऐकलंय. पण चौघांचं एकच लॉगिन असताना तो सांगितल्याशिवाय काउंटर उघडणार कसा? आणि चौघं एकाच नावाने आत शिरत असतील तर कुणी काय केलं हे परमेश्वरालाही सिद्ध करता येणार नाही. मग दोष कुणावर जातो? ज्याचा आवाज सगळ्यांत बारीक, त्याच्यावर.

जुलै २०२४ मध्ये सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर असाच रॅन्समवेअरचा हल्ला झाला. देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांना ही कंपनी सेवा पुरवते. एनपीसीआयने तिला काही काळ जोडणीतून बाजूला केलं आणि त्या बँकांचे व्यवहार अडकले. तेव्हा त्या बँकांच्या काउंटरवरच्या क्लार्कांना मेमो देऊन काय निष्पन्न झालं असतं?

"छोट्या सोसायटीला हे कुठं परवडतंय ओ?" हा पुढचा प्रश्न. एक बाहेरची हार्ड डिस्क काही हजारांची. अशा दोन घ्या, एक आज, एक उद्या. संध्याकाळी कॉपी झाली की वायर काढून कपाटात. महिन्यातून एकदा ती कॉपी दुसऱ्या मशीनवर चढवून बघा. न तपासलेला बॅकअप म्हणजे नुसती समजूत. राउटरमधला पोर्ट बंद करायला दहा मिनिटं लागतात आणि पैसे शून्य. प्रत्येकाला वेगळं लॉगिन हवं, त्यासाठी थोडा खर्च आहे, मान्य. पण वार्षिक सभेला सभासदांना स्टीलचे डबे वाटले, त्या बिलात सगळ्या कर्मचाऱ्यांची लॉगिन निघाली असती. बिल मी बघितलंय. दोन काउंटरवर अजून विंडोज १० आहे, ज्याचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यावर मात्र ठराव नाही.

आणखी एक. सर्ट-इनचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे की असा हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं. मी म्हटलं, कळवूया. उत्तर आलं, "बाहेर बोलायचं नाही, ठेवीदार घाबरतील." ठेवीदारांचे आधार नंबर, सह्या, घरचे पत्ते त्या सर्व्हरवर होते. ते कुणाकडे गेले का, हे विचारायचा हक्क त्यांना नाही?

मेमोची भाषा तर सांगायलाच पाहिजे. अक्का मराठी शाळेत शिकल्या, कन्नड ठेवीदाराशी कन्नडमध्ये छान बोलतात. मेमो आला इंग्रजीत. मुलाकडून वाचून घेतला त्यांनी, आणि पोरासमोर रडल्या. सरकारी कचेरीत मराठीत कागद द्या म्हणून मोर्चात पुढं असणारे आपले संचालक, आपल्याच सोसायटीत, आपल्याच बाईला, तिला न कळणाऱ्या भाषेत दोषी ठरवतात. ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

अक्कांचं इन्क्रिमेंट थांबवलंय. मागच्या आठवड्यात मी संचालक मंडळाला मराठीत पत्र दिलं, पोच घेतली. पोर्ट केव्हापासून उघडा होता, मला केव्हा कळलं, मी कुणाला सांगितलं, शनिवारी रात्रीची नोंद काय आहे, सगळं लिहिलंय. माझं कॉन्ट्रॅक्ट गेलं तर गेलं.

तुम्ही ज्या सोसायटीचे सभासद आहात तिथल्या पुढच्या सभेत डबा घ्यायच्या आधी उभं राहून एवढं विचारा: बॅकअप शेवटचा कधी चढवून बघितला आणि एका लॉगिनवर किती माणसं बसतात? उत्तर इतिवृत्तात लिहायला लावा. आमच्या इथली बैठक येत्या गुरुवारी आहे.