कथेची जात चोरू नका



बाबुराव बागुलांच्या कथेचं नाव एकदा मोठ्यानं वाचा. ‘जेव्हा मी जात चोरली होती’. १९६३ चा संग्रह, त्याचंही नाव हेच. बागूल ‘लपवली’ म्हणत नाहीत, ‘चोरली’ म्हणतात. मराठी माणूस अंग चोरतो, काम चोरतो, म्हणजे असलेलं पुढे करत नाही. आणि चोर दुसऱ्याचा माल उचलतो. दोन्ही अर्थ त्या एका शब्दात. पण स्वतःचीच वस्तू कोणी चोरते काय, बाप्पा? चोरीला मालक लागतो. मग ही जात कोणाच्या मालकीची होती, की ती न सांगणाऱ्याला चोर म्हणून बडवावं? आणि शेवटचा ‘होती’ पाहा. बोलणारा आता चोरत नाही. मार खाऊन झाल्यावर चारचौघांत सांगतो आहे.

अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या १९९२ च्या इंग्रजी संग्रहात आणि जेरी पिंटो यांच्या २०१८ च्या अनुवादात ही जात नुसती ‘लपवलेली’ आहे. त्यांना दोष नाही, इंग्रजी करणार काय? पण चोर निसटला.

हे आज लिहायचं कारण? हिंगण्यातल्या आमच्या वाचन मंडळात एका पोट्ट्यानं कॉलेजातून मिळालेलं झेरॉक्स आणलं. कथा हीच. वर नाव नाही, लेखक नाही, साल नाही. खाली प्रश्न : नायकाच्या स्वभावातील दोष सांगा.

म्हणे स्वभावातील दोष! तरुण गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर जातो, भाड्याची खोली शोधतो, जात सांगत नाही, उघडकीला आल्यावर मार खातो. नाव फाडलं की उरतं एवढंच : माणूस खोटं बोलला, सापडला. पोरांनी लिहिलं, नायक भित्रा आहे. त्यात आपल्या वस्तीतलेही होते. दुसरं काय लिहितील?

मास्तर म्हणतात, कलाकृती स्वयंपूर्ण असते. असेल. पण शीर्षक लेखकानंच लिहिलं ना? ते कलाकृतीबाहेर कधी गेलं? आणि मर्ढेकर शिकवताना हेच मास्तर महायुद्धावर तासभर बोलतात, तेव्हा स्वयंपूर्णता कुठं जाते?

साल पुसलं की कथेची जमीनच जाते. १९६३ म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेला सात वर्षं झालेली. संविधानाच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता नष्ट केल्याला तेरा. कायदा होता, नोकरी होती, पगार होता. खोली नव्हती.

शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ (१९८४) घ्या. बारा माशांचा तोळा. अकराच भरले तर खोट. पोराला सोनाराच्या काट्यावर तोलणारा समाज त्या नावात उभा आहे. ते काढा, मग म्हणा, गरिबीची करुण कहाणी.

हिंगणा एमआयडीसीत कामाला लागलेला पोरगा आजही खोली पाहायला जातो तेव्हा भाड्याचं नंतर निघतं. आधी ‘पूर्ण नाव काय?’ आडनावावरून उमगलं नाही तर ‘गाव कोणतं?’, मग ‘घरी देव कोणता?’ हे झेललेल्याला बागूल समजायला टिपा लागत नाहीत.

पुढच्या बैठकीत तीच कथा घेऊ. पुस्तकातून, मुखपृष्ठासकट. ज्यांनी कुठं आडनाव गिळलं असेल त्यांनी आधी बोलावं.