आभाळाची नाडी

हिंगोलीच्या लायगो प्रकल्पामुळे ‘गुरुत्वीय लहरी’ मराठवाड्यात परिचित झाल्या. वातावरणातील गुरुत्व तरंग मात्र वेगळे. वादळाने किंवा डोंगराने वर ढकललेली हवा गुरुत्वाकर्षणाने खाली येते, पुन्हा वर जाते. हे हेलकावे उंच पोहोचतात. सुमारे ८७ किलोमीटरवर हवा स्वतःच मंद प्रकाशते. तरंग तेथून गेला की त्या प्रकाशात पट्टे उमटतात. भारतीय भूचुंबकत्व संस्थेने कोल्हापुरातून ते टिपले आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये अंतराळ स्थानकावरील नासाच्या उपकरणाने हेलेन चक्रीवादळाचे तरंग टिपले. जमिनीवरून ही नाडी पाहायला काळोख लागतो. केदारखेड्यासारख्या गावांनी रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड खालीच ठेवला, तर आभाळही वाचेल आणि आपली झोपही.