भाडं स्वस्त आहे एवढ्यासाठी लातूरला जाऊ नका



"सर, पुण्यात दुकानाचं भाडं परवडत नाही. लातूरला जाऊन सुरू केलं तर जमेल का?" गावाचं नाव बदलतं, प्रश्न तोच राहतो. कधी सांगली, कधी जळगाव, कधी नांदेड. व्हिडिओत दोन मिनिटांत याचं उत्तर देऊन भागत नाही, म्हणून इथे लिहितोय. उदाहरण लातूरचंच घेऊ.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लहान शहरात जरूर जा. पण भाडं कमी आहे एवढ्या एकाच कारणावर घर हलवू नका. का, ते आकड्यात बघा.

समजा, पुण्यात तुमचं भाडं 30,000 आहे आणि लातूरला 10,000 मध्ये गाळा मिळाला. महिन्याला 20,000 वाचले. आता समजा, तुमची महिन्याची विक्री 2 लाख आहे आणि त्यातली 40 टक्के उधारीवर गेली. म्हणजे 80,000 रुपये. ही उधारी वसूल व्हायला चार महिने लागत असतील, तर कायम 3,20,000 रुपये बाजारात अडकलेले राहतात. एवढी रक्कम भाड्याच्या बचतीतून उभी करायला तुम्हाला 16 महिने लागतील. मग स्वस्त काय पडलं?

"मी उधारी देणारच नाही," असं तुम्ही म्हणाल. पाटी लावणं सोपं आहे हो! पण समोरचा माणूस शेजारच्या दुकानदाराचा मेव्हणा असतो, मुलीच्या वर्गशिक्षकांचा भाऊ असतो. तो सरळ सांगतो, "सोयाबीन विकलं की देतो." आणि बहुतेक वेळा तो देतोही. त्याच्या मनात खोट नसते, त्याच्याकडे पैसाच त्या वेळी येतो. म्हणून उधारीची मर्यादा पहिल्या दिवशी ठरवा, वहीत लिहा आणि खेळत्या भांडवलात तेवढी रक्कम धरूनच निघा.

शहराचं कॅलेंडर समजून घ्या

पुण्यात पगार एक तारखेला होतो आणि बाजार त्यावर चालतो. लातूरच्या बाजाराची चाल वेगळी आहे. जून-जुलैत पेरणी, तेव्हा घराघरांतला पैसा बियाण्यात आणि खतात जातो. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सोयाबीनची काढणी, मग दिवाळी. डिसेंबर-जानेवारीत तूर. त्यानंतर लग्नसराई. काढणीच्या तोंडावर पावसाने झोडपलं किंवा सोयाबीनचा भाव पडला, तर कापडाच्या दुकानापासून मोबाइलच्या दुकानापर्यंत सगळ्यांची दिवाळी मंद जाते. तुमचा धंदा शेतीचा नसला तरी तुमचं गिऱ्हाईक शेतीवर उभं आहे.

दुसरं कॅलेंडर विद्यार्थ्यांचं. 'लातूर पॅटर्न'मुळे बाहेरच्या जिल्ह्यांतली मुलं अकरावी-बारावी आणि नीटच्या तयारीसाठी इथे येऊन राहतात. खानावळ, हॉस्टेल, अभ्यासिका, झेरॉक्स, सायकल दुरुस्ती यांना यातूनच काम मिळतं. पण मे महिन्यात नीट झाली की मुलं घरी जातात आणि खानावळीत ताटं कमी होतात. नवी मुलं येईपर्यंत भाडं आणि आचाऱ्याचा पगार चालूच असतो. म्हणून बारा महिन्यांचा खर्च दहा महिन्यांच्या कमाईतून निघतो का, हे आधी कागदावर मांडा.

तिसरी गोष्ट पाण्याची. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. लाँड्री, गाड्या धुण्याचं सेंटर, खाद्यपदार्थांचं युनिट असं काही डोक्यात असेल, तर गाळा बघायला एप्रिल-मेमध्ये जा. बोअर किती खोल आहे, टँकर कितीला पडतो, हे शेजारच्या दुकानदाराला विचारा. गाळामालकाला विचारून खरं उत्तर मिळेलच असं नाही.

मग जायचं कशासाठी?

दोन कारणं मला पटतात.

पहिलं कारण ओळख. मोठ्या शहरात गिऱ्हाईक पुन्हा यावं म्हणून जाहिरातीवर पैसे घालावे लागतात. गंजगोलाईच्या आसपास तुम्ही एक वर्ष चोख माल दिलात, तर तुमचं नाव लोकच पुढे नेतात. पण हे दुधारी आहे. एका गिऱ्हाइकाशी उद्धट बोललात, तर तेही संध्याकाळपर्यंत चार ठिकाणी पोहोचतं. आणि नाव कमवायला वेळ द्यावा लागतो. पहिले काही महिने "तुम्ही कुणाचे?" हाच प्रश्न येईल. त्याचा राग मानू नका. लग्नाला जा, दुःखाच्या प्रसंगीही जा. तिथे असंच नातं जुळतं आणि धंदा नात्यामागून येतो.

दुसरं कारण माल. लातूर ही तूर आणि सोयाबीनची मोठी बाजारपेठ आहे, डाळमिल आहेत. पुण्यात चालणारा कॅफे उचलून इथे आणण्यापेक्षा इथली डाळ निवडून, नीट पॅक करून पुण्यातल्या सोसायट्यांत विकणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. खर्च लहान शहरातला आणि गिऱ्हाईक मोठ्या शहरातलं. पुण्यातल्या तुमच्या जुन्या ओळखी इथे कामाला येतील.

कर्जाचा विचार असेल, तर एक बारकावा लक्षात ठेवा. पीएमईजीपी योजनेत सर्वसाधारण गटाला शहरी भागात 15 टक्के आणि ग्रामीण भागात 25 टक्के अनुदान आहे. महिला आणि इतर विशेष गटांना तेच 25 आणि 35 टक्के आहे. म्हणजे युनिट शहरात टाकायचं की जवळच्या गावात, यावर अनुदानात 10 टक्क्यांचा फरक पडतो. आणि हे अनुदान नव्या उद्योगालाच मिळतं. आधी युनिट सुरू करून मग अर्ज केला, तर उपयोग नाही. सध्याचे नियम जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारा, एजंटला नको.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही एकटे जात नाही, घर जातं. तुम्हाला दुकानातून दहा मिनिटांत घरी जेवायला जाता येईल, पण बायकोची पुण्यातली नोकरी सुटणार असेल, तर तिचा पगारही तुमच्या खर्चाच्या यादीत लिहा. तो न लिहिता "लहान शहरात खर्च कमी" म्हणणं ही स्वतःचीच फसवणूक आहे. तिच्या हो-नाहीला तुमच्या इतकंच वजन हवं.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या मनातल्या शहरात दिवाळीत नको, जुलैमध्ये किंवा मे महिन्यात पंधरा दिवस भाड्याने खोली घेऊन राहा. बाजार सुस्त असताना कुठली पाच दुकानं तरीही चालतात, ते बघा. ती का चालतात हे कळलं, की गाळा शोधायला लागा.