नॉर्मल, पण कुणाचं?

परवा बाबांचा ब्लड रिपोर्ट आला. पीएसएच्या पुढे छापलेलं, नॉर्मल ० ते ४. आकडा चारच्या आत, म्हणून आम्ही दोघं खूष. रात्री मात्र माझ्यातला प्रोग्रामर जागा झाला. हा ४ कुणी हार्डकोड केला?

या आकड्याचं माहेर अमेरिका. तिथे प्रोस्टेट कॅन्सरच्या निदानासाठी या टेस्टला १९९४ मध्ये मान्यता मिळाली. पण तिथल्या कृष्णवर्णीय पुरुषांचा पीएसए सरासरीने गोऱ्यांपेक्षा जास्त येतो. मग काय, त्यांची नॉर्मलची रेषा वर सरकवा! सोप्पं!

सोप्पं, पण साफ चूक. याच पुरुषांचा प्रोस्टेट कॅन्सरचा मृत्युदर गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट आहे. मेमरी लीक असलेल्या सर्व्हरवरून 'नॉर्मल' ठरवलं तर अलार्म वाजणार कधी? १९९६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये याचा हिशोब आला. नेहमीच्या पद्धतीने वयानुसार रेषा आखल्या, तर कृष्णवर्णीयांमधले ४१ टक्के कॅन्सर निसटले असते. ते पकडायचे तर चाळिशीतल्यांची रेषा चारवर नाही, दोनवर हवी. म्हणजे वर नाही, खाली!

किडनीच्या बाबतीत तर ही चूक होऊन गेलीय. ईजीएफआरच्या सूत्रात कृष्णवर्णीयांचं उत्तर १६ ते २१ टक्क्यांनी वाढवायचे. कागदावर किडनी ठणठणीत, आणि माणूस ट्रान्सप्लांटच्या यादीबाहेर. तो गुणक काढायला २०२१ उजाडलं.

"मग वंश बघूच नका" म्हणणारेही मला पटत नाहीत. पीएलसीओ या मोठ्या अमेरिकन चाचणीत सुमारे ७६ हजार पुरुष होते, त्यात कृष्णवर्णीय जेमतेम ४ टक्के. तिचा निष्कर्ष 'सगळ्यांसाठी' कसा? तो प्रामुख्याने गोऱ्यांचा.

माझं म्हणणं एवढंच, की वंशाचा रकाना कुणाला लवकर तपासायचं हे ठरवायला वापरा, आलेला आकडा दडपायला नको. २०२४ मध्ये अमेरिकेच्या प्रोस्टेट कॅन्सर फाउंडेशनने कृष्णवर्णीयांना पहिली टेस्ट ४० ते ४५ व्या वर्षीच करायला सुचवलं. याला म्हणतात शहाणपणा.

असो. सकाळी बाबांना म्हटलं, मागच्या वर्षांचे रिपोर्ट काढा, सगळे घेऊन डॉक्टरांकडे जाऊ. "अरे, नॉर्मल आहे म्हणालास ना काल?"

म्हणालो होतो खरा. पण तुमच्या घरातला रिपोर्टही एकदा काढून बघाच. नॉर्मल लिहिलेलं असेल. कुणाचं, ते कुठे लिहिलंय?