तुमची भिंत शेजाऱ्याच्या अंगणात पडली तर भरपाई कोण देणार? घराच्या विम्यातली 'थर्ड पार्टी' समजून घ्या

समजा, अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं एक गाव आहे. ऑगस्ट महिना, रोवणी आटोपलेली आणि चार दिवसांपासून झड लागलेली. रात्री तुमच्या घराची मागची मातीची भिंत खचते आणि शेजाऱ्याच्या सांदवाडीत कोसळते. तिथे त्याची दुभती म्हैस बांधलेली आहे. किंवा म्हैस नाही, माणूस झोपलेला आहे.

तुम्ही घराचा विमा काढलेला आहे. बँकेनं गृहकर्ज देताना काढायला लावला होता. मग विमा कंपनी पैसे देईल ना?

तुमच्या भिंतीचे कदाचित देईल. शेजाऱ्याच्या म्हशीचे किंवा माणसाच्या दवाखान्याचे बहुतेक देणार नाही.

असं का?

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक 'इर्डाई'नं सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना घरासाठी एक समान पॉलिसी विकणं बंधनकारक केलं. तिचं नाव 'भारत गृह रक्षा'. आग, वीज पडणं, पूर, वादळ, भूकंप, दंगल अशा कारणांनी घराचं नुकसान झालं तर ती भरपाई देते. घरातल्या सामानासाठी इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आपोआप मिळतं. पॉलिसी चांगली आहे, भाषाही तुलनेनं सोपी आहे.

पण ती सगळी 'माझं काय गेलं' याची पॉलिसी आहे. 'माझ्यामुळे दुसऱ्याचं काय गेलं' हा हिशोब त्या मूळ पॉलिसीत नाही. तो हवा असेल तर वेगळं लायबिलिटी कव्हर, म्हणजे दायित्वाचं संरक्षण, जोडून घ्यावं लागतं किंवा ते असलेली गृहस्थांची पॅकेज पॉलिसी घ्यावी लागते.

गाडीच्या विम्यामुळे 'थर्ड पार्टी' हा शब्द आपल्याला पाठ आहे. मोटार वाहन कायद्यानुसार तो नसेल तर गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. घराच्या बाबतीत असं बंधन नाही. त्यामुळे एजंट सांगत नाही, बँक विचारत नाही आणि आपल्याला ते कळत नाही. बँकेचंही बरोबर आहे म्हणा, तिला तारण असलेल्या इमारतीची काळजी, शेजाऱ्याच्या म्हशीची कशाला असेल?

हे कव्हर नेमकं कशाचे पैसे देतं?

तुमच्या घरात किंवा आवारात तुमच्या निष्काळजीपणामुळे बाहेरच्या माणसाला इजा झाली, तो दगावला किंवा त्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं आणि त्याबद्दल भरपाई देणं तुमच्यावर कायद्यानं आलं, तर ती भरपाई कंपनी देते. कंपनीच्या संमतीनं केलेला कोर्टाचा खर्चही साधारणपणे यात येतो. रकमेला दोन मर्यादा असतात, एका अपघातासाठी एक आणि पूर्ण वर्षासाठी एक. पॉलिसीच्या पहिल्या पानावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा इमारतीचा असतो, हा नाही.

यातला 'कायद्यानं' हा शब्द महत्त्वाचा. शेजाऱ्याचं नुकसान झालं एवढ्यानं कंपनी पैसे देत नाही. चूक तुमची होती, हे ठरावं लागतं. भिंत धडधाकट होती आणि अभूतपूर्व पावसानं पडली, तर तुमची चूक नाही. मग दायित्व नाही आणि कव्हरचे पैसेही नाहीत. शेजाऱ्यानं जायचं तलाठ्याकडे, पंचनामा करून घ्यायला. आपत्ती मदतीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांनुसार नैसर्गिक आपत्तीत माणूस दगावला तर ४ लाख रुपये, दुभती म्हैस गेली तर ३७,५०० रुपये आणि कच्च्या घराची अंशतः पडझड झाली तर ४,००० रुपये अशी मदत ठरलेली होती.

आता उलट बघा. भिंतीला दोन वर्षांपासून भेग होती आणि ग्रामपंचायतीनं नोटीसही दिली होती. तर चूक तुमचीच. इथे कव्हर उपयोगी पडायला हवं. पण मालमत्तेची वाजवी काळजी घेण्याची अट जवळपास प्रत्येक पॉलिसीत असते. नोटीस येऊनही काहीच केलं नाही, यावर कंपनी बोट ठेवू शकते. म्हणजे कव्हर साध्या हलगर्जीसाठी आहे, धोका माहीत असून स्वस्थ बसण्यासाठी नाही.

आणि हा प्रश्न फक्त मातीच्या भिंतींचा नाही. जून २०१९ मध्ये पुण्यातल्या कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत पलीकडच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जणांचा जीव गेला. मे २०२४ मध्ये घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग पडून १७ जण गेले. दोन्हीकडे मेलेल्यांचा त्या भिंतीशी किंवा होर्डिंगशी काही संबंध नव्हता. विम्याच्या भाषेत थर्ड पार्टी ती हीच.

तंटामुक्ती समितीत मिटवलं तर?

आपल्याकडे असं काही झालं की कोर्टात कोण जातं? २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आहे. समिती बसते, चार शहाणी माणसं समजावतात. तुम्ही म्हणता, "चूक झाली, दवाखान्याचे ३० हजार मी देतो." कागद होतो, सह्या होतात. माणुसकी म्हणून आणि गावात राहायचं म्हणून हे योग्यच आहे.

पण लायबिलिटी कव्हरची नेहमीची अट अशी असते, की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही आणि भरपाईचं वचन द्यायचं नाही. तो सह्यांचा कागद दाखवूनच कंपनी दावा नाकारू शकते. गाव म्हणतं लवकर मिटवा, पॉलिसी म्हणते आधी आम्हाला विचारा. मला या अटीत विमा कंपनीचा स्वार्थ दिसतो, पण अट आहे ती आहे. त्यामुळे जखमीला दवाखान्यात न्या, गाडी करून द्या, कंपनीला लगेच कळवा आणि कागदावर सही करण्याआधी तिचं उत्तर लेखी मागा.

कशाचे पैसे मिळत नाहीत?

घरातच राहणाऱ्या कुटुंबीयांना झालेली इजा. शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या वस्तूचं नुकसान, कारण ती तुमच्या ताब्यात होती. गाडीनं झालेला अपघात. घरातून चालणारा धंदा. दंड. पाळीव कुत्रा चावला तर काही पॉलिसींत मिळतं, अनेकांत नाही.

पूर्व विदर्भासाठी खास एक गोष्ट. रानडुकरांपासून धान वाचवायला काही जण कुंपणात विजेचा प्रवाह सोडतात आणि त्यात दुसरा शेतकरी, गुराखी किंवा वन्यप्राणी जातो. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारच्या गावांना हे नवं नाही. हा गुन्हा आहे. जाणूनबुजून केलेल्या बेकायदेशीर कृत्याला कोणतंही कव्हर लागू होत नाही.

घराच्या बांधकामावर मजूर पडला तर तेही सहसा यात येत नाही. मजुरांच्या भरपाईचा विमा वेगळा असतो. मजूर राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदलेला असेल, तर कामावर मृत्यू झाल्यास वारसांना ५ लाख रुपये मिळतात. घरकुलाचं काम काढताना मिस्त्रीला त्याची नोंदणी आहे का, हे विचारायला काही खर्च येत नाही.

एक कव्हर तुमच्याकडे आधीच असेल

घरगुती गॅस सिलिंडरच्या अपघातासाठी तेल कंपन्यांनी स्वतःच सार्वजनिक दायित्व विमा काढलेला असतो. ग्राहकाला वेगळा हप्ता नाही, उज्ज्वलाच्या जोडणीलाही नाही. मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख, उपचारांसाठी माणशी २ लाखांपर्यंत (एका घटनेत एकूण ३० लाख) आणि मालमत्तेसाठी एका घटनेत २ लाखांपर्यंत.

मालमत्तेची भरपाई फक्त नोंदणी असलेल्या पत्त्यावर मिळते. अर्जुनीत भाड्यानं राहणारे शिक्षक, बँकेतले कर्मचारी अनेकदा गावाकडच्या पत्त्यावरचा सिलिंडर इथे आणून वापरतात. त्याचा स्फोट होऊन घरमालकाचं घर जळालं तर तिथे हे २ लाख अडतात. घरमालकाचा विमा असेल तर त्याची कंपनी त्याला पैसे देईल आणि नंतर ते भाडेकरूकडून वसूल करायला येऊ शकते. पत्ता बदलायचा अर्ज गॅस एजन्सीत मिळतो.